तीन दगडांची ओळ

जुळारी घरात बोलत नसे. अगदी मुका नव्हता. ‘चहा’, ‘किल्ली’, ‘खिडकी लाव’ असं एकदोन शब्दांवर भागवायचा. पण वर्षातून एकदा, ऐन उन्हाळ्यात, डोंगराच्या पायथ्याशी बसमधून उतरून बुटांच्या नाड्या बांधून तो सरळ उभा राहिला, की त्याला वाचा फुटायची. मग संध्याकाळपर्यंत त्याचं तोंड मिटायचं नाही. बाकीचं सगळं वर्ष मुंगी त्या एका दिवसावर काढायची.

मुंगी म्हणजे त्याची बायको. हे नाव तिला छापखान्यात पडलं. तिथे तो जुळारी होता, म्हणजे लाकडी खणांतून शिशाची अक्षरं उचलून एकापुढे एक लावायची, शब्द करायचे, ओळ करायची, पान करायचं. छपाई झाली की ते पान मोडून एकेक अक्षर परत त्याच्या त्याच्या खणात टाकायचं, हे काम तिचं. तिचे हात इतके भराभर चालायचे की फोरमनने पहिल्याच आठवड्यात तिला मुंगी करून टाकलं. पुढे लग्न झालं, दोन मुलं झाली, केस पिकले, पण नाव काही पिकलं नाही.

लग्न जमलं तेही तिथेच. एका दुपारी तिच्यापुढे मोडायला आलेल्या मजकुरात एक ओळ अशी निघाली, की ती कुठल्याच पुस्तकातली नव्हती. शिशाची अक्षरं उलटी असतात, पण ती वाचायला मुंगी एव्हाना सरावली होती. तिने ओळ दोनदा वाचली, इकडे तिकडे पाहिलं, आणि निमूटपणे अक्षरं सोडवून खणांत टाकली. जुळाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. होकार तिने दुसऱ्या दिवशी दिला. त्या ओळीत काय होतं हे मुलांनी शंभरदा विचारलं असेल. दोघांनीही ताकास तूर लागू दिली नाही.

तेव्हा हा माणूस यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवून दिवसभर बोलायचा. मग छापखाना बंद पडला. संगणक आले, शिसं भंगारात गेलं, आणि जुळारी घरी येऊन खिडकीशी बसला तो बसलाच. नऊ वर्षं झाली. मुंगीला वाटायचं, त्याला खडखडाट लागत असेल बोलायला. घरातली शांतता त्याच्या घशाशी येत असेल. पण मग डोंगरावर तर त्याहून शांत होतं, आणि तिथे तो बोलायचा. हे कोडं तिला काही सुटलं नव्हतं. तिने ते सोडवायचा हट्टही धरला नव्हता, वर्षातून एक दिवस मिळतोय ना, मग कशाला खोदून बघा.

आता तो दिवसही टांगणीला लागला होता. मागच्या उन्हाळ्यात जुळारी एका ओल्या दगडावरून घसरला आणि मनगट मोडून घेऊन आला. त्यांची थोरली इस्पितळात क्ष-किरण विभागात काम करते. दिवसभर लोकांची मोडलेली हाडं बघून बघून तिला सगळं जगच मोडायला टेकलेलं दिसतं. बापाच्या मनगटाचा फोटो तिने स्वतः काढला, आणि प्लास्टर वाळायच्या आत फर्मान सोडलं. डोंगर बंद. धाकटा जहाजावर असतो. त्याने कुठल्याशा समुद्रातून फोन करून बहिणीला पाठिंबा दिला. एरवी या दोघांचं कशावर म्हणून जमत नाही.

मुंगीने वर्षभर थोरलीची मनधरणी केली तेव्हा कुठे एक संधी मिळाली. अटी अशा: वरच्या तळ्यापर्यंत जायचं, आलो त्याच वाटेने परत यायचं. डोंगराच्या कमरेला येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी बांधलेली एक लाकडी खोली आहे, फोन फक्त तिथेच लागतो. तर तिथून चार वाजता फोन करायचा. काहीही घोळ झाला, कसलाही, तर पुन्हा डोंगराचं नाव काढायचं नाही. थोरलीने दोघांकडून वचन घेतलं. जुळाऱ्याने मान हलवली. मुंगीने ‘दिलं’ म्हणून सांगितलं आणि त्या रात्री तिला झोप आली नाही. डोंगर बंद म्हणजे नवऱ्याचं बोलणं बंद, हा हिशेब थोरलीला कोण समजावणार?

ठरलेल्या दिवशी सकाळी ते लाकडी खोलीशी पोचले तेव्हा ऊन कोवळं होतं. गवत गुडघाभर वाढलेलं, त्यात पिवळी आणि जांभळी फुलं, आणि वारा आला की सगळा उतार एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायचा. खाली दरीत ढगांचे पुंजके पडून होते. जुळारी पुढे, मुंगी मागे. दोघांच्या हातात काठ्या, पाठीवर एकेक पिशवी. तिच्या पिशवीत उकडलेली अंडी, पाव, सफरचंदं आणि थर्मास. त्याच्या पिशवीत थोरलीने दिलेलं औषधांचं अख्खं दुकान.

खोलीपासून तळ्यापर्यंत अडीच तासांची चढण, आणि त्या चढणीला मेंढ्यांनी चालून चालून इतक्या वाटा पाडल्यात की नवखा माणूस गोंधळून जावा. सात ठिकाणी फाटे फुटतात. मुलं लहान होती तेव्हापासून जुळाऱ्याची एक रीत होती. फाटा यायच्या चार पावलं आधी, चालता चालता तो तीन दगड उचलायचा. फाट्यावर बसका दगड खाली, लहान त्याच्यावर, आणि लांबट दगड शेजारी, टोक बरोबर वाटेकडे केलेलं. याला तो ओळ लावणं म्हणायचा. मागून मुलं नाचत यायची, ओळ वाचायची आणि योग्य वाटेला लागायची. सगळ्यांत शेवटी मुंगी. तिने ओळ मोडायची आणि दगड आधी जिथे होते तिथे नेऊन ठेवायचे. लावलेलं सोडवून ठेवावं, डोंगर होता तसा राहावा, आणि आपल्या खुणांनी दुसरा कुणी वाट चुकू नये, असा त्याचा नियम होता. तेव्हा ते खिंड ओलांडून पलीकडच्या अंगाला उतरायचे आणि तिकडची बस पकडायचे, त्यामुळे मागे राहिलेल्या खुणांचं काही कामच नसायचं.

यंदा तसं नव्हतं. पलीकडचा रस्ता दरडीखाली गेला होता, तिकडे बस नव्हती, आणि थोरलीची अटही आल्या वाटेने परतायची. म्हणून जुळारी प्रत्येक फाट्यावर मुद्दाम जरा वेळ घेऊन ओळ लावत होता. लावताना बोलत होता, लावून पुढे निघाल्यावरही बोलत होता, आणि मागे वळून बघत नव्हता. बोलणाऱ्या माणसाला ऐकणारं मागे आहे याची फार खात्री असते.

काय काय बोलला तो त्या सकाळी! त्याने एकदा ताऱ्यांच्या नावांचं एक जाडजूड पुस्तक जुळवलं होतं, साडेचारशे पानं. त्यातली अर्धी नावं त्याला अजून पाठ होती, पण उलटी, शिशातली वाचतात तशी, त्यामुळे आकाशाकडे बघताना त्याला कायम वाटायचं की आपण आकाशाच्या पाठीमागे उभे आहोत. मग धाकट्याची गोष्ट निघाली. चार वर्षांचा असताना याच वाटेवर त्याने विचारलं होतं, की डोंगर झोपतो तेव्हा कुशीवर कसा वळतो? तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं, म्हणाला जुळारी, पण आता वाटतं, वळत असेल अगदी हळू, एका कुशीला दहा हजार वर्षं. मुंगी ऐकत होती. ऐकता ऐकता ती मधेच वाकायची, उठायची, चार पावलं मागे जायची, परत यायची. गुडघा कुरकुरायचा, पण तिचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तिला हे सगळं साठवून घ्यायचं होतं. हिवाळ्यात भांडी घासताना ती यातलं एकेक वाक्य काढून बघणार होती.

तळं होतं तिथेच होतं. पलीकडच्या कड्याच्या सावलीत बर्फाचा एक मळका तुकडा अजून तग धरून होता, आणि पाणी इतकं निश्चल, की मुंगीला त्यात पाय घालताना चोरट्यासारखं झालं. दोघांनी बूट काढले, अंडी सोलली, चहा प्याला. जुळारी पाण्यात पाय हलवत काठावरचे खडे लहानमोठे लावत बसला होता आणि छापखान्यातल्या एकेका माणसाबद्दल सांगत होता. त्याच्या आवाजात मुंगीला डुलकी लागली. तिला दिसलं की तळ्याच्या तळाशी सगळी अक्षरं पडलीत, स्वच्छ, चकचकीत, आणि त्यांना खण नाहीत, तरी ती सुखात आहेत. ती त्यांना उचलायला वाकणार, तेवढ्यात जुळाऱ्याने तिच्या खांद्याला हात लावला.

‘पुढच्या वर्षी त्या कड्यापर्यंत जाऊ,’ तो म्हणाला.

‘जाऊ की,’ मुंगी म्हणाली. पुढचं वर्ष हा शब्द त्याच्या तोंडून आला, यातच तिला सगळं पावलं.

दीड वाजता ते निघाले. तळ्याचा काठ सोडला न सोडला, तोच दरीत सकाळपासून लोळत पडलेले ढग उठले आणि वर आले. काही गडगडाट नाही, थंडी नाही. नुसतं एक पांढरं, उबदार असं काहीतरी उतार चढून आलं आणि त्याने आधी खालची झाडं नाहीशी केली, मग फुलं, मग वाट. हाताच्या अंतरावरचं गवत तेवढं दिसत होतं, प्रत्येक पात्यावर थेंब. जुळारी बिनधास्त होता. आपण ओळी लावल्यात, तो म्हणाला, धुकं काय, डोळे मिटून उतरू.

पहिल्या फाट्याशी तो थांबला. तीन वाटा खाली उतरत होत्या आणि तिन्ही पाच पावलांवर धुक्यात विरघळत होत्या. तो खाली वाकला. काठीने गवत बाजूला केलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

‘इथे ओळ लावली होती मी,’ तो म्हणाला.

तो गुडघ्यांवर बसला आणि हाताने चाचपायला लागला.

‘लावली होती ना मी? की नुसतं मनात आलं लावावी असं?’ त्याने वर पाहिलं. ‘अगं, मला लख्ख आठवतंय लावल्याचं. पण इथे तर काहीच नाही.’

त्याचा चेहरा मुंगीने असा कधी पाहिला नव्हता. छापखाना बंद झाला त्या दिवशीही नाही. किल्ल्या हरवायच्या, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायचा, हे गेली दोन वर्षं चालू होतं. त्यावर ती चेष्टाही करायची. आता तिच्या लक्षात आलं, की चेष्टेत तो हसायचा तेव्हा आतून घाबरलेला असायचा. आपलं डोकं चाललंय, असं या माणसाला या क्षणी वाटत होतं, आणि ते अगदी उघड दिसत होतं.

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. दहाही नखांत माती होती. ओली, काळी, ताजी माती.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘तुम्ही लावली होती. मी काढली.’

‘काय काढलीस?’

‘ओळ. मागून येताना. तुम्ही बोलत होतात, मी ऐकत होते, आणि हातांनी आपलं काम केलं. मला कळलंसुद्धा नाही.’

‘ही एक?’

‘साती.’

जुळारी तिथल्या तिथे ओल्या गवतात बसला आणि हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईतो हसला. ‘म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे,’ तो म्हणाला.

‘तुमचं आहे. माझ्या हातांचं विचारू नका.’

पण हसून वाट सापडत नाही. दोन वाजून गेले होते आणि खाली थोरली घड्याळाकडे बघत बसलेली असणार. चुकीची वाट धरली तर मेंढ्यांचा गोठा नाहीतर कडा. जुळारी म्हणाला, बसून राहू, धुकं केव्हातरी उठेलच. मुंगी मात्र नखांतली माती अंगठ्याने काढत विचार करत होती. एकेक दगड तिने होता तिथेच परत ठेवला होता. तो दगड उचलतो ते फाट्याच्या चार पावलं आधी, म्हणजे उतरताना चार पावलं पुढे, आणि तेही ज्या वाटेने ते चढून आले तिच्यावरच. म्हणजे जिथे ते तीन दगड, ती वाट आपली. आणि परत ठेवलेला दगड जरा हलतो. वर्षानुवर्षं तिथेच असलेला दगड मातीला धरून असतो, हातालाही ऐकत नाही.

तिने हे सांगितलं तेव्हा जुळाऱ्याने नुसती मान हलवली. तो फाट्यावर थांबणार, ती एकेका वाटेवर उतरून बघणार, असं ठरलं. फाटा सोडून दोघंही गेली तर तोही हरवायचा.

‘मात्र बोलत राहा,’ मुंगी म्हणाली. ‘म्हणजे मला कळेल तुम्ही कुठे आहात.’

ती डाव्या वाटेने मोजून चार पावलं उतरली आणि वाकली. डोळे मिटूनच घेतले, नाहीतरी दिसत काय होतं. गवताच्या मुळाशी बोटं फिरवली. एक दगड, घट्ट. दुसरा, घट्ट. तिसरा, त्याला तर शेवाळाने शिवूनच टाकलेलं. ही वाट नव्हे. ती उभी राहून वळली, आणि चहूकडे सारखंच पांढरं होतं. वर कुठे आणि खाली कुठे ते पायांना कळत होतं, डोळ्यांना नाही. कानांना तर काहीच नाही.

‘अहो?’

काही नाही.

‘अहो, बोला ना.’

‘हं,’ उजव्या हाताला कुठेतरी आलं. ‘काय बोलू?’

तो घरचा आवाज होता. खिडकीतला. डोंगरावर असून हा आवाज, म्हणजे इथेही संपलं की काय? त्या ‘हं’च्या दिशेने ती चाचपडत वर आली. जुळारी फाट्यावर उभा होता, काठी बगलेत, दोन्ही हात रिकामे, अंगाला चिकटलेले. तिला कुणाचाही राग आला नाही, नुसतं रडायला आलं. पण रडायला वेळ नव्हता, म्हणून तिने पायाशी होते ते तीन दगड उचलले आणि त्याच्या हातांत कोंबले.

‘ओळ लावा इथे. मी पुन्हा खाली जातेय. फाटा हरवला तर मला परत यायला जागा नको?’

तो खाली बसला. दगड हातात तोलला. ‘हा काही बसका नाही,’ तो म्हणाला. ‘हा खाली ठेवला तर वरचा गडगडणार. थांब, याला असा आडवा घेतला तर... आमच्याकडे एक अक्षर होतं बघ, त्याचा पाय झिजलेला, ते कायम असंच कलायचं, मग मी त्याच्याखाली कागदाची चिंधी घालायचो, आठवतं तुला?’

मुंगी मधल्या वाटेने उतरत होती आणि मागून आवाज येत होता. चिंधी कुठल्या कागदाची, मग तो कागद आणणारा माणूस, मग त्या माणसाची खोट्या दातांची कवळी. शब्दांची एक दोरीच तिच्या कमरेला बांधल्यासारखी झाली होती. चौथ्या पावलाला ती वाकली आणि गवतातला एक चपटा दगड तिच्या बोटांखाली डुगडुगला. तिने तो उचलला. खालच्या खळग्यात तिच्याच बोटांच्या खुणा होत्या. शेजारी लहान, आणि त्याच्यापलीकडे लांबट, पांढऱ्या रेघेचा.

ती तशीच वाकून राहिली. दगड सापडल्याचा आनंद होताच, पण तिला भलतंच काही सापडलं होतं. नऊ वर्षं ती समजत होती की हा डोंगरामुळे बोलतो. डोंगराचा काही संबंध नव्हता. याचे हात काही जुळवायला लागले की तोंड चालतं, आणि हात थांबले की तोंड थांबतं. छापखान्यात अक्षरं होती, इथे दगड होते. घरी, त्या खिडकीशी, त्याच्या हातांत काय होतं? तिने दिलेला चहाचा कप.

‘सापडले,’ तिने हाक दिली. तो आला, तेव्हा अजून बोलतच होता.

अशा सात वेळा त्यांनी वाट शोधली. प्रत्येक फाट्यावर तो ओळ लावायचा आणि बोलायचा, ती त्याच्या आवाजाला धरून धुक्यात उतरायची आणि मातीत हात घालायची. तिने हाक मारली की तो आपली ओळ मोडून यायचा, कारण आता शेवटचा तो होता. दोघं एकमेकांना दिसत फारशी नव्हती. मधेच मुंगीला वाटायचं की आपण चालत नाही आहोत, पोहतो आहोत. छापखान्यातली ती पहिली दुपार आणि ही दुपार एकच आहे, आणि बाहेर कुठे मुलं, इस्पितळ, घड्याळ असं काही नाहीच. तिला कसलीच घाई राहिली नव्हती. नेमकी घाई करायची होती तेव्हाच.

लाकडी खोलीशी पोचले तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. धुकं खोलीच्या जरा वरच थांबलं होतं. खाली लख्ख ऊन. मुंगीच्या फोनवर थोरलीचे सतरा फोन येऊन गेलेले. अठरावा तिच्या हातातच वाजला.

थोरली रडली नाही, ओरडलीही नाही, तेच जास्त जड गेलं. दोघं धड आहात ना, एवढं तिने आधी विचारलं. ‘बाबा वाट विसरले ना? मला माहीतच होतं. किल्ल्यांचं बघतेय मी दोन वर्षं. आता त्यांना नीट दाखवून घेऊ या.’

तळ्याकाठी वेळ कसा गेला कळलं नाही, असं मुंगी म्हणू शकली असती. तोंडावर आलंही होतं. पण थोरलीच्या मनात विसरणं पक्कं बसलं होतं, ते एवढ्याने निघालं नसतं. समोर जुळारी बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होता. त्याला ऐकू येत होतं की नाही कळत नव्हतं, पण नाडीवरची बोटं थांबली होती.

‘बाबा काही विसरले नाहीत,’ मुंगी म्हणाली. ‘त्यांनी साती ठिकाणी खुणा केल्या होत्या. मी त्या काढून टाकल्या.’

‘तू? का?’

‘सवयीने.’

थोरलीचा आवाज एकदम लहानपणीचा झाला. ‘आई, पुरे आता. हं? माझ्याच्याने नाही होत. तू वचन दिलंयस.’

‘दिलंय,’ मुंगी म्हणाली. ‘पुरे.’

बसमध्ये जुळारी बोलला नाही. कोटाच्या खिशात हात घालून खिडकीबाहेर बघत होता. मुंगीने ठरवलं होतं, हरायचं नाही. आता गुपित कळलंय. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने त्याच्यापुढे किलोभर मटार ओतले. त्याने ते मुकाट सोलले, दाणे एका भांड्यात, टरफलं दुसऱ्यात. मटार संपले, शब्द एक नाही. मग तिने लोकरीचा गुंता सोडवायला दिला. तोही सुटला. संध्याकाळी बूट माळ्यावर टाकताना तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं, गुपितबिपित काही नव्हतं, आणि जे होतं ते त्या खोलीच्या वरच राहिलं. ती शिडीवर उभ्या उभ्याच रडली. तो खिडकीशी होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा त्याची बाजू रिकामी होती. स्वयंपाकघरातून आवाज येत होता. तिला वाटलं थोरली आली असेल.

जुळारी टेबलाशी बसला होता. त्याच्यापुढे तीन दगड होते. बसका खाली, त्याच्यावर लहान. आणि शेजारचा लांबट तो बोटाने किंचित इकडे, किंचित तिकडे करत होता, जुळाऱ्याच्या त्या जुन्या चिकाटीने. टोक समोरच्या खुर्चीकडे वळलं तेव्हा त्याने हात उचलला.

‘हे वर ठेवून यायचे होते,’ मुंगी म्हणाली.

‘शेवटच्या फाट्यावर मीच होतो शेवटी. मोडले, आणि खिशात टाकले.’ तो अपराधी मुळीच दिसत नव्हता. ‘बस की. तुला त्या पुस्तकाचं अर्धंच सांगितलं मी, ताऱ्यांच्या. त्यात एका ताऱ्याचं नाव चुकून दोन पानांवर पडलं होतं, आणि मालक म्हणाला...’

मुंगी बसली. मटारांचं काय चुकलं ते तिला तेव्हा कळलं. सोलणं, सोडवणं ही तिची कामं. ती त्याला देऊन काय उपयोग होता. चहा उकळून उतू गेला तरी ती उठली नाही. ताऱ्याचं नाव झालं, मालक झाला, फोरमन झाला. मधे जुळाऱ्याने ओळ मोडून पुन्हा लावली, दुसऱ्या तऱ्हेने, आणि गोष्टही दुसरी निघाली. ऊन टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकलं. दुपारी केव्हातरी तो थकून, खुर्चीतच, मान टाकून झोपला.

मुंगी फडकं घेऊन टेबल पुसायला आली. तिचा हात आपोआप दगडांकडे गेला. बसका तिने उचललाही. मग तो तळहातावर घेऊन ती उभी राहिली. या दगडाची जागा तिला नेमकी ठाऊक होती, शेवटच्या फाट्याशी, झुडपाच्या मुळाशी, तिथूनच तिने तो उचलून त्याच्या हातात दिला होता, आणि तिथे आता ती पुन्हा कधी जाणार नव्हती. उभ्या जन्मात तिने कुठलीही वस्तू भलत्या जागी राहू दिली नव्हती.

तिने बसका खाली ठेवला, लहान त्याच्यावर, लांबटाचं टोक आपल्या खुर्चीकडे केलं, आणि त्यांना सोडून बाकीचं टेबल पुसून घेतलं.